तिरकी डबी

दाराच्या भोकातून बाहेर बघायची सवय मला नव्हती. म्हणजे महिन्याभरापूर्वीपर्यंत नव्हती. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा माणूस मी. दिवसभर लोकांच्या बुबुळांत डोकावल्यावर घरी येऊन आणखी एका भिंगाला डोळा लावायची हौस कुणाला असणार? पण शहरात काचा फुटायला लागल्या आणि बाहेर पडण्याआधी मी एकदा बघून घ्यायला लागलो. बायको म्हणते, "कोण बसलंय रे तुझ्यासाठी टपून? एवढा मोठा कोण लागून गेलास?" खरं आहे, मी कुणीच नाही. पण काचा काय मोठ्यांच्याच फुटतात? त्या दिवशी सकाळी बूट घालून, पिशवी खांद्याला अडकवून मी भोकाला डोळा लावला, तर बाहेर एक तरुण उभा. विशीतला असेल. भिंगामुळे त्याचं नाक भलं मोठं आणि पाय काडीसारखे दिसत होते. एरवी मला हसू आलं असतं. त्यानं दारावरची आमच्या नावाची पाटी वाचली. ओठ हलवत, सावकाश वाचली. मग मान वळवून चौकटीकडे बघितलं, जिथे ती डबी आहे तिथे. बोट उचललं, डबीपर्यंत नेलं, पण लावलं नाही. खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला. दोन पावलं मागे सरकून आणखी एक घेतला, त्यात पाटीही आली असणार. आणि मग त्यानं थेट माझ्या डोळ्यात बघितलं. बाहेरून आतलं काही दिसत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना मीच समजावून सांगतो. तरी मी चटकन बाजूला झालो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तो जिना उतरून गेल्याचा आवाज आला, त्यानंतरही मी बराच वेळ तसाच उभा होतो. आतून अम्मीनं विचारलं, "गेलास का रे?" मी म्हटलं, "हो, गेलो." आणि घरातच उभा!

ती डबी आमची नाही. बोटभर लांब, पितळेची होती म्हणतात, आता तिच्यावर रंगाचे इतके थर बसलेत की चौकटीला गाठ आल्यासारखी दिसते. आमच्याआधी या घरात एक ज्यू म्हातारी राहायची, तिची ती. आत चामड्याच्या तुकड्यावर त्यांच्या ग्रंथातल्या ओळी लिहून गुंडाळी करून ठेवलेली असते. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची, अशी त्यांची रीत. घर दाखवताना म्हातारीनं हे सगळं आम्हाला सांगितलं. डबी तिरकी का, तेही सांगितलं. फार पूर्वी म्हणे त्यांच्यातल्या दोन थोरांचा वाद झाला. एक म्हणाला उभीच लावायची, दुसरा म्हणाला आडवीच. मिटता मिटेना. शेवटी लोकांनी दोघांचाही मान राखून ती तिरकी लावली. "तेव्हापासून आम्ही सगळे असे वाकडेच," असं म्हणून म्हातारी खुदुखुदु हसली. मला ती तेव्हाच आवडली होती. मग अम्मी स्वयंपाकघर बघायला आत गेली. ओटा बघितला, नळ सोडून बघितला, आणि शेवटी जे तिच्या मनात होतं ते विचारून टाकलं, "बाई, राग मानू नका, पण इथे कधी डुकराचं काही शिजलंय का?" मी शरमेनं अर्धा झालो. घर विकत घ्यायला आलोय की चौकशीला? पण म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं अम्मीचे दोन्ही हात धरले. "लग्न होऊन आले तेव्हापासून नाही हो. एकदाही नाही. चुकूनही नाही." आणि त्या क्षणी तिचं ठरलं की घर द्यायचं तर यांनाच द्यायचं. दुसरे लोक जास्त द्यायला तयार होते, तरी आम्हालाच दिलं.

चूक कळली ती किल्ल्या हातात पडताना. म्हातारी डबीला बोटं लावून म्हणाली, "नियम असा आहे, घर परक्याला दिलं तर ही काढून न्यायची. आपल्यातल्यांना दिलं तर काढायची नाही, काढली तर पाप लागतं. तेव्हा ही आता तुमची." डुक्कर त्यांनाही वर्ज्य आणि आम्हा मुसलमानांनाही, म्हणून तिनं आम्हाला आपल्यातलंच धरलं होतं. मी तोंड उघडलं. अम्मीनं माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की ते तसंच मिटलं. कागदावरची नावं तिनं वाचली नव्हती का? तिचे डोळे गेलेलेच होते जवळजवळ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मी बघितल्या बघितल्या ओळखलं होतं. व्यवहार तिच्या मुलानं पाहिला होता, तो परगावी. त्याला नावांशी काय करायचंय? जिन्यात मी अम्मीला म्हटलं, अगं तिला सांगायला नको होतं का? अम्मी म्हणाली, "काय सांगायचं? बाई जन्माचं घर सोडून चाललीये. निदान सुखानं जिना उतरू दे तिला. आणि तिनं चुकीचं तरी काय ओळखलं? तिच्या ओट्यावर जे चालणार नव्हतं ते माझ्याही ओट्यावर चालणार नाही." मग एवढंच म्हणाली, "अमानत आहे ती. सांभाळायची." झालं. तेव्हापासून अम्मी बाहेर पडताना बिस्मिल्ला म्हणून डबीला बोटं लावते. बायको ख्रिस्ती, ती लावत नाही, पण भिंतीला रंग देणाऱ्याला दर वेळी बजावते, "ती काढू नका हं, तशीच रंगवा." आमची पिल्लू आठ वर्षांची, शाळेला जाताना तिला उडी मारून हात लावते, परीक्षेच्या दिवशी दोनदा. मी कधी लावला नाही. मला वाटायचं, आपण कशाला कुणाच्यात?

त्या दिवशी दुकानाकडे चालताना डोक्यात एकच भुंगा: तो पोरगा कुणाचा? दूर कुठेतरी लढाई पेटली की आमच्याकडे काचा फुटतात, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या दारावर कुणीतरी लाल रंग फासला. आठवडा गेला नाही तोच मशिदीच्या पायरीवर डुकराचं मुंडकं. मग चर्चच्या आवारातल्या पुतळ्याचे हात तोडले, ते तर कुणी आणि का, अजून कळलं नाही. पलीकडच्या रस्त्यावर एका ज्यू घड्याळवाल्याच्या घरात जळता बोळा टाकला; त्याचं घर कसं ओळखलं, तर दारावरच्या डबीवरून. म्हणजे तो पोरगा आमच्यातला असेल, तर त्यानं डबीचा फोटो नेला आणि आज ना उद्या आमच्या खिडकीतून बोळा येणार. खिडकीखाली पिल्लूचा पलंग. पण त्यानं पाटीही वाचली! पाटीवर आमचं नाव, ते वाचून कुणालाही कळतं आम्ही कोण. मग तो म्हणेल, हे घरभेदी, मुसलमान असून दारावर यांची खूण मिरवतात. घरभेद्याला तर शत्रूपेक्षा दोन फटके जास्त. बरं, तो त्यांच्यातला असेल, तर? मग म्हणेल, आमची पवित्र वस्तू या लोकांच्या दारावर काय करते, चोरली, ढापली, विटंबना केली. आणि बायकोकडच्यांपैकी असेल, तर? तर तो सासऱ्यांना जाऊन सांगेल आणि सासरे म्हणतील, मी म्हटलं नव्हतं? कसाही पासा टाका, दान माझ्या विरुद्धच पडत होतं. डबी काढून टाकावी म्हटलं तर खाली पोस्टमास्तर. पहिल्या मजल्यावर राहतात, निवृत्त आहेत, आयुष्यभर लोकांची पत्रं न उघडता वाटली, त्याचा सूड म्हणून आता सगळ्यांचं सगळं मोबाइलवर टिपत असतात. कचरा कोण चुकीच्या डब्यात टाकतो, कोण जिन्यात थुंकतो. टिपायचं आणि सगळ्या जगाला पाठवायचं. मी चौकटीपाशी डबी उचकटतोय आणि पोस्टमास्तर वर येतात. संध्याकाळपर्यंत शहरभर: बघा, मुसलमान माणूस ज्यूंची खूण तोडतोय. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना? मला तर वाटलं, आडावरही कुणीतरी मोबाइल धरून बसलाय.

भीती आमच्या घराण्यातच आहे. अब्बा कुठेही गेले की दाराजवळची खुर्ची पकडायचे. लग्नात, दवाखान्यात, शाळेत माझ्या निकालाला, सगळीकडे दाराजवळ. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "वारा येतो." बिनवाऱ्याच्या दिवशीही दाराजवळच. माझं लग्न कचेरीत झालं, तिथेही ते शेवटच्या खुर्चीवर, आणि माझे सासरे पहिल्या रांगेत दगडासारखे. ख्रिस्ती मुलीनं मुसलमानाशी लग्न केलं, त्याचं दुःख सासऱ्यांना होतं. मुसलमान मुलानं ख्रिस्ती मुलीशी केलं, त्याची भीती अब्बांना होती. दोघे एकमेकांशी हवामानावर बोलले. अम्मीनं मात्र सुनेला जवळ घेतलं आणि म्हणाली, "ईसा आमचेही नबी, मरियम आमचीही. तू कुठे परकी?" तेव्हा मला वाटलं होतं, सुटलो. घरात तीन प्रकारचे देव-धर्म नांदतायत आणि भांडण होतं ते फक्त दूध उतू गेल्यावर. मी सुटलोच होतो की! मग अब्बांची ती दाराजवळची खुर्ची माझ्या अंगात कधी येऊन बसली? रस्ता ओलांडताना मी पाहिलं, माझा हात खिशातल्या किल्लीभोवती इतका घट्ट आवळलेला होता की तळव्यावर दात उमटले होते.

दुकानात मालक आधीच आले होते. मालक ख्रिस्ती, भला माणूस, गल्ल्याच्या वर भिंतीवर लाकडी क्रूस लावलेला असायचा. त्या दिवशी तिथे नुसता खिळा होता. मी काही विचारलं नाही, पण माझी नजर त्यांनी पकडली. "रंग द्यायचाय भिंतीला," म्हणाले. मग स्वतःच हसले, "अरे, किती खोटं बोलू? काढून ठेवला. दिवस बरे नाहीत. एकाच म्हाताऱ्याची तीन लेकरं आपण, आणि तिघांनाही वाटतं खरं वाटणीपत्र आपल्याच पेटीत आहे. भावकीतलं भांडण, बाबा. भावकीइतकं वाईट कुणी भांडत नाही." मला त्यांना सकाळचं सांगायचं होतं. जिभेवर आलंही. पण त्यांचा चेहरा बघून वाटलं, हा माणूस मला द्यायला धीर कुठून आणणार? मी नुसतं "खरंय" म्हटलं आणि तपासणीच्या खोलीत गेलो. ती खोली म्हणजे माझं राज्य. दिवा बंद करायचा, गिऱ्हाइकाला हनुवटी टेकवायला सांगायची, आणि त्याच्या डोळ्याजवळ माझा डोळा इतका जवळ न्यायचा की त्याचा श्वास गालाला लागतो. इतक्या जवळ तर बायकोही येऊ देत नाही. त्या अंधारात डोळ्याचा मागचा पडदा दिसतो, नारिंगी, त्यावर बारीक लाल शिरा. तो सगळ्यांचा सारखाच दिसतो हे मी कुणाला तरी कौतुकानं सांगितलं होतं, आता स्वतःचीच चीड येत होती. सारखा असून काय उपयोग? त्या दिवशी पहिल्यांदा मी खोलीचं दार उघडं ठेवलं. समोर एक आडदांड माणूस बसला होता, आणि मला वाटत होतं की अंधार केला की हा माझा गळा धरणार. बिचारा शिक्षक होता. मी भिंगं बदलत नेहमीचं विचारत होतो, "पहिलं बरं दिसतं की दुसरं?" आणि डोक्यात: ठेवलेली बरी की काढलेली? "पहिलं की दुसरं?" तो म्हणाला, "अहो, दोन्ही वेळा एकच भिंग लावलंत." खरोखरच एकच होतं. मी माफी मागितली, घाम पुसला. तो म्हणाला, "तब्येत बरी नाही का तुमची?" एवढ्या प्रेमानं विचारलं त्यानं, की मला रडूच येईल असं वाटलं.

दुपारी बायकोला फोन लावला. ती शाळेत संगीत शिकवते. सगळं ऐकून घेतलं तिनं, मध्ये एकदाही टोमणा मारला नाही. घाबरट म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "काढ." मी म्हटलं, अम्मी? ती म्हणाली, "अम्मींना मी समजावीन. पिल्लूच्या पलंगाच्या वर खिडकी आहे, तुला माहीत आहे ना?" मला माहीत होतं म्हणून तर फोन केला होता! मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांचा सकाळी फोन आला होता. म्हणाले, भांडण त्यांचं आणि यांचं, मध्ये माझी मुलगी आणि नात कशाला? थोडे दिवस माहेरी ये म्हणाले." मी विचारलं, "मग?" "मग काय? मी म्हटलं, माझं घर आहे, कुठे येऊ?" पण ते म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि मला एकदम दिसलं, ती पिल्लूचा हात धरून बॅग घेऊन जिना उतरतेय. म्हणजे बोळा यायचीही गरज नाही. नुसत्या भीतीनंच घर रिकामं होईल. संध्याकाळी तिला आणि पिल्लूला गाण्याच्या तालमीला जायचं होतं, दोघी उशिरा येणार होत्या. "आम्ही यायच्या आत काढून टाक," ती म्हणाली. "पिल्लूनं विचारलं तर काय सांगायचं ते मात्र तूच ठरव."

अम्मीला आपणच समजावायचं असं वाटेत ठरवून मी घरी आलो आणि तिच्यासमोर उभं राहिल्यावर बोबडी वळली. पन्नाशीला आलेला माणूस! तिनं चहा दिला. मी म्हटलं, "अम्मी, ती डबी थोडे दिवस काढून कपाटात ठेवू." मी सकाळचं सांगितलं. फोटो, पाटी, घड्याळवाल्याचं घर. ती घाबरली; मला दिसलं ते, तिचा पदर सारखा करणारा हात थांबला. पण म्हणाली, "नाही." "अम्मी, पोरीचा जीव मोठा की डबी?" "असं विचारू नकोस. असं विचारलं की कुठलीही बाई काढ म्हणेल. अमानत ज्याची त्याच्या हातात दिल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो. म्हातारीचा पत्ता काढ, तिला नेऊन दे, मग माझं काही म्हणणं नाही." "आता कुठे शोधू पत्ता? आज रात्री काही झालं तर?" अम्मी म्हणाली, "मी पिल्लूच्या जागी झोपते, तिला माझ्या खोलीत झोपव." हे ती इतकं साधेपणानं म्हणाली की मला राग आला. खरंच राग आला. भित्र्या माणसासमोर कुणी धीट वागलं की त्याला राग येतो, दुसरं काय? "तुझ्या या असल्या हट्टानं आपण सगळे मरू," मी म्हणालो. नमाजची वेळ झाली होती, ती वजूला, हातपाय-तोंड धुवायला, उठली. जाताना फक्त म्हणाली, "तुझे अब्बाही असेच बोलायचे, आणि मग रात्रभर झोपायचे नाहीत."

खिडकीतून मला पोस्टमास्तर काठी घेऊन फिरायला निघालेले दिसले. एकदा निघाले की ते बागेला फेरी मारूनच येतात. अम्मी जानमाजवर, नमाजच्या चटईवर, उभी राहिली. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, दार उघडलं आणि चौकटीसमोर उभा राहिलो. चोरासारखा. स्वतःच्या दारात! रंग इतका बसला होता की स्क्रूची खाचच सापडेना. आधी टोकानं रंग खरवडला, निळा, मग पिवळा, मग राखाडी, आधी आमचे, मग म्हातारीच्या काळातले. पहिला स्क्रू निघाला. दुसरा जाम. मी दात-ओठ खाऊन पिळत होतो आणि कान जिन्याकडे. आत अम्मीचं पुटपुटणं ऐकू येत होतं. ती सज्द्यात कपाळ टेकेल तेव्हा जोर लावायचा, ती उठेल तेव्हा थांबायचं, असं माझं चाललं होतं. आईच्या नमाजच्या ठेक्यावर मी तिची अमानत उपटत होतो. शेवटी कटकन आवाज झाला, रंगाचा पापुद्रा फाटला आणि डबी माझ्या मुठीत आली. खाली कोरं लाकूड, तिरकं. आत काहीतरी हललं, ती गुंडाळी असणार. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला हात लावला तो असा. आणि तेवढ्यात जिन्याच्या वळणावर तो उभा होता.

सकाळचाच. भिंगाशिवाय बघितला तर किरकोळ, कोवळी दाढी, डोक्यावर पुढे झापड असलेली टोपी. ओठांवर आधीच हसू जमवून आलेला. "नमस्कार, मी सकाळी..." एवढं म्हणाला आणि त्यानं चौकट बघितली. कोरं लाकूड बघितलं. माझी मूठ बघितली, आणि दुसऱ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर. हसू तसंच राहिलं आणि मागचा चेहरा मात्र पांढरा पडला. "माफ करा. घर चुकलं," म्हणाला आणि वळला. मी ओरडलो, "अरे थांब!" मला हाक मारायची होती, पण भेदरलेल्या माणसाचा आवाज कसा येतो ते मला त्या दिवशी कळलं. भुंकल्यासारखा आला. तो पळत सुटला, आणि मी त्याच्या मागे. का धावलो? माझं डोकं चालतच नव्हतं. त्यानं बघितलं, तो सांगणार, त्याच्याकडे फोटो आहेत, आधीचा आणि आता हे, एवढंच. दोन-दोन पायऱ्या गाळत मी उतरत होतो. खालच्या वळणावर त्याची टोपी उडाली. टोपीखाली आणखी एक टोपी होती, छोटी, गोल, केसांना चाप लावून बसवलेली, ज्यू घालतात तशी. वरची टोपी खालची झाकायला होती. म्हणजे हा म्हातारीच्या लोकांतला, घर शोधत आलेला, तिचा नातूच असणार! हा पण जीव मुठीत धरूनच घराबाहेर पडतो. मला एकदम वाटलं, अरे, ही याचीच तर आहे, याच्याच हातात द्यायची! आणि मी आणखी जोरात धावलो. त्यानं मागे वळून बघितलं, आणि तोही आणखी जोरात.

त्याला आमचा भाग माहीत नव्हता. इमारतीतून बाहेर पडून तो डावीकडे वळला. तिथे वाट विजेच्या खोलीच्या भिंतीपाशी संपते, कचऱ्याचे डबे असतात आणि पुढे काही नाही. भिंत आली तसा तो फिरला. मी समोर. धापा टाकत "ऐक, ऐक" म्हणत होतो. त्यानं भिंतीला पाठ लावली, खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि म्हणाला, "मारू नका, काका."

काका म्हणाला. घरातल्या माणसाला म्हणतात तसं. मी माझ्या हाताकडे बघितलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्याकडे रोखलेलं होतं, मी तसं धरलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. आयुष्यभर मी इतक्या लोकांना घाबरलो, पण मला कुणी घाबरावं असा प्रसंग कधी आला नव्हता. ते कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. फार वाईट दिसतं. वाटेच्या तोंडाशी काठी टेकून पोस्टमास्तर उभे होते, आज फेरी न मारताच परतले होते, आणि त्यांचा मोबाइल वर धरलेला होता. मला बोलायचं होतं. तुझी आजी, अमानत, डुकराचं विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी, पिल्लूचा पलंग, सगळं एकदम. मग मी खाली बसलो. तिथेच, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, मांडी घालून. बसलेल्या माणसाला कुणाला मारता येत नाही, एवढंच सुचलं. स्क्रू-ड्रायव्हर लांब ढकलून दिला, तो घरंगळत पोस्टमास्तरांकडे गेला. डबी आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली. ठेवली मात्र, आणि आठवलं. अल्लाचं नाव असेल त्या कागदाला मातीत ठेवायचं नसतं. चुकून पडला तरी उचलून डोळ्यांना लावायचा, हे मला चालायला यायच्या आधी शिकवलेलं. मी ती झटकन उचलली, सदऱ्याला पुसली, एका डोळ्याला लावली, दुसऱ्या डोळ्याला लावली, आणि तळहातावर धरून बसलो.

तो कोपराच्या फटीतून हे बघत होता.

"आजी कशा आहेत?" मी विचारलं.

मग तो म्हणाला, "गेली. चार दिवस झाले. घरी बाबा असेच खाली बसलेत, आमच्यात सुतकात सात दिवस जमिनीवर बसतात." त्याच्या नाकातून पाणी येत होतं. "ती शेवटपर्यंत म्हणायची, त्या घरात आपलेच लोक राहतात. जाऊन बघून ये म्हणायची. सकाळी मी तुमची पाटी वाचली, नाव आमच्यातलं नव्हतं, पण डबी जागेवर होती. बाबांना फोटो पाठवला. बाबा म्हणाले, परत जा आणि त्यांना भेटून ये."

मी डबी धरलेला हात पुढे केला. त्यानं एक हात हळूहळू खाली घेतला. दुसरा त्या गोल टोपीवर तसाच दाबून धरलेला होता.